लिंकांचा आहेर

वैनगंगेकाठच्या कोसा विणकर सोसायटीला वेबसाइट हवी, हे खूळ रीताचं. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. माहेर मात्र ऐनाच्या झाडांवर कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, अळ्या राखणाऱ्यांचं. विणलेलं कापड सोसायटीच्या कपाटात पडून राही, कारण घेणारा व्यापारी एकच आणि तो मनाला येईल तेव्हा फिरकायचा. दूरच्या गिऱ्हाइकाला आपण इंटरनेटवर सापडू, असं रीतानं सभेत सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. ते दोन हजार सहा साल. वर्ष होत आलं तरी 'कोसा साडी' टाइप केल्यावर पानांमागून पानं उलटावी लागत; सोसायटीचं नाव काही येत नसे. दिवाळीच्या सभेपर्यंत एकही गिऱ्हाईक आलं नाही, तर साइट बंद करायची असं ठरलं.

सायबर कॅफेवाला अमर म्हणाला, दुसऱ्या साइटवाल्यांनी आपली लिंक दिली की सर्चमध्ये आपण वर चढतो. ते खरंच होतं. रीता परीक्षेच्या कामात अडकली, तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष बापूजी यांनी ही कामगिरी अंगावर घेतली. म्हातारा रोज नदी ओलांडून कॅफेत येऊन बसू लागला. अमर पत्ते शोधायचा, बापूजी मजकूर सांगायचे: तुम्ही आमचं नाव लावा, आम्ही तुमचं लावतो.

रीता मोकळी झाली तोवर साइटवर 'आमचे स्नेही' नावाचं पान उगवलं होतं. त्यात रिंगटोनवाले होते, हस्तरेषावाले होते, वजन घटवून देणारे होते, बंगलोरचा एक टॅक्सीवालाही होता. साइट होती त्याहून मागे गेली होती. असल्या भलत्या लिंकांमुळे सर्चला आपली साइटच खोटी वाटते, हे सगळे काढावे लागतील, असं रीतानं सांगितलं. बापूजींच्या ते जिव्हारी लागलं.

"ज्यानं आहेर केला त्याले परत आहेर नाई केला, त मांडवात तोंड कसं दाखवावं बाई?"

"पंक्तीत कोण बसलं ते पाहून लोक मांडव ओळखतात, बापूजी. आपल्या पंक्तीत कोसा पाहिलेला एक तरी हाये का?"

बापूजींनी बराच वेळ पान न्याहाळलं. काढा, पण सांगून काढा, अशी त्यांनी अट घातली. पहिला फोन रिंगटोनवाल्याला लागला. बापूजींनी आपल्या हिंदीत अदबीनं माफी मागायला सुरुवात केली, तर पलीकडचा विचारू लागला, कौनसा कोसा? बापूजींनी रिसीव्हर ठेवला.

"ज्याले आपलं नावच मालूम नाई, त्याचा आहेर कायचा? काढ रे अमर, सारेच काढ."

मग रीतानं मजकूर हाती घेतला. अमरनं ओळीओळीत 'कोसा साडी' कोंबून ठेवलं होतं, ते तिनं पुसलं. घरबसल्या माणसाला काय विचारावंसं वाटेल याचा विचार करून तिनं एकेक पान लिहिलं: खरा कोसा कसा ओळखावा, दोन कापडांचे रंग वेगळे का येतात, तेलाचा डाग पडला तर काय करावं. सगळ्यात मोठं पान अंड्यापासून कोशापर्यंतचं. त्यासाठी ती कॅमेरा घेऊन आईकडे, रुखमाबाईंकडे गेली. त्या गुलेल घेऊन अळ्या टिपणारी पाखरं हाकत होत्या. माह्या तोंडाचा फोटो कायले, अळ्यायचा काढ, म्हणून त्यांनी पाठ फिरवली. तो पाठमोरा फोटोच रीतानं लावला.

ज्यांना या पानांचा उपयोग होईल अशांनाच तिनं मेल पाठवले. कृषी महाविद्यालयातल्या एका कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी आपल्या पानावर लिंक दिली आणि बदल्यात काही मागितलं नाही. बापूजींना चैन पडेना. शेवटी त्यांनी वर्गात दाखवायला टोपलीभर कोसे पाठवून दिले. रीतानं अडवलं नाही. हातमागाविषयी लिहिणाऱ्या पुण्याच्या एका बाईंनीही लिंक दिली. पावसाळा सरता सरता सोसायटीचं नाव पहिल्या पानावर आलं. तळाशी, पण पहिल्या पानावर.

दिवाळीच्या सभेत साइट बंद करण्याचा विषय निघायच्या आत विणकर डोमा उभा राहिला. नाशिकच्या एका बाईंनी डाग काढायचा उपाय शोधता शोधता सोसायटीला गाठलं होतं, आणि आता त्यांना मधाच्या रंगाची साडी हवी होती. ती अजून डोमाच्या मागावरच होती.

"मी तिले म्हटलं, थांबा लागंल," डोमा म्हणाला. "बाई म्हणे, थांबते."

मागावरची साडी खोळंबली होती, म्हणून सभा संपायची वाट न पाहता तो घरी गेला.