तिसरा हिस्सा

आमच्या किनाऱ्यावर समुद्र वळसा घालून येतो. दक्षिणेला खडकांचं लांब टोक, त्याच्यापुढे जुना दगडी बंधारा आणि या दोघांच्या आडोशाला अर्धा किलोमीटर वाळू. बाहेर होड्यांची दैना उडालेली असली तरी आत म्हातारी माणसं कंबरभर पाण्यात उभी राहून गुडघेदुखीच्या गप्पा मारत असतात. खरे सर्फर इथे फिरकत नाहीत. इथे येतात ते सर्फिंग शिकणारे, सुट्टीवर आलेले आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलेले. म्हणजे ज्यांना समुद्रातलं ओ की ठो कळत नाही, असेच सगळे. म्हणून इथे फळा लागतो.

फळा बाबांनी सुरू केला. ते बंदर कचेरीत होते. दूर खोल समुद्रात एक तरंगतं यंत्र आहे, त्याला सगळे बोया म्हणतात. लाट किती उंच, कुठल्या दिशेची, दोन लाटांत किती सेकंद, हे तो तासातासाला कळवतो. पण बोया सांगतो ते बाहेरचं. आत काय होणार, हे बाबा सांगायचे, आणि त्यांचा नियम सोपा होता: बोयाच्या आकड्याचा तिसरा हिस्सा. बोया दीड मीटर म्हणाला, तर आत अर्धा. रोज सकाळी साडेसहाला कपडे बदलायच्या खोल्यांच्या भिंतीवर ते खडूने लिहायचे: लाट, वारा, भरतीची वेळ, आणि खाली एक ओळ, पोहावं की पोहू नये. तीस वर्षं हा हिशेब चुकला नाही. गावात लोक एकमेकांना वेळ सांगतात तसा तिसरा हिस्सा सांगायचे.

सहा वर्षांपूर्वी एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. आणि मोठ्या बोटी आत याव्यात म्हणून बंदरवाल्यांनी बंधाऱ्याच्या तोंडापासून किनाऱ्याजवळून तळ खोदून एक खोल वाट काढली. वरून बघाल तर काहीच बदललं नव्हतं. खडू माझ्या हातात आला. धाकटा भाऊ मोठ्या शहरात हवामान खात्यात अधिकारी, तो काही येणार नव्हता. त्याचा हातभार म्हणजे दर रविवारी एक फोन. बाबा त्याला ‘साहेब’ म्हणत आणि फोन ठेवल्यावर तासभर खुशीत असत.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की नियम फसतोय. रोज नाही. कमी अंतराने येणाऱ्या लाटांना तो अजूनही चोख होता. पण दक्षिणेकडून लांब लाट आली, चौदा-पंधरा सेकंदांची, की ती त्या खोल वाटेने न अडखळता सरळ आत यायची. बोया दीड म्हणायचा आणि आत सव्वा. पायऱ्यांजवळच्या लोखंडी खांबावर मी रंगाने खुणा करून मोजलं, चार वेळा मोजलं, मग घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, तुला मोजता येत नाही. पुन्हा मोजून पुन्हा सांगितलं, तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं. जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून रडले. मी त्यांना तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी कानाला खडा लावला.

तेव्हापासून घरात एक आकडा आणि किनाऱ्यावर दुसरा. सकाळी बाबा बोयाचे आकडे ऐकायचे, मनातल्या मनात भागाकार करायचे आणि मला सांगायचे. मी ते जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहून घ्यायची आणि खाली जाऊन फळ्यावर माझा आकडा लिहायची. ‘लाट छातीएवढी, लांब अंतराने येते, शांत दिसेल, फसू नका. आज पोहू नये.’ संध्याकाळी ओल्या फडक्याने फळा पुसायची आणि वर येऊन वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहायची: ‘बरोबर’. खाली माझी सही. वर्षातले तीस-चाळीस दिवस ते बरोबर नसायचं. तरी लिहायची. बाबा वही मांडीवर घेऊन बघायचे आणि त्यांचा चेहरा निवायचा.

गावात नाव झालं ते त्यांचंच. म्हातारा अंथरुणावरून समुद्र ओळखतो, असं लोक म्हणायचे, माझ्या तोंडावर म्हणायचे. आधी मला हसू यायचं. पुढे यायचं बंद झालं. आपण खोटं बोलतो ते दयेपोटी, हे स्वतःला रोज सांगावं लागलं की दयेचीही चीड यायला लागते.

या वर्षी नगरपालिकेने ठरवलं की फळा काढायचा आणि तिथे पडदा लावायचा. मोबाईलवर ॲप, पडद्यावर तोच आकडा, हिरवा, पिवळा, लाल. बोयाचे आकडे आणि बाबांचा तिसरा हिस्सा त्यात बसवायला भाऊ आठ दिवसांची रजा काढून आला. आपल्या गावासाठी करतोय, असं सगळ्यांना सांगत होता. साहेब येणार म्हणून बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, डाव्या हाताने भांग पाडून घेतला.

भावाने वह्या उघडल्या आणि तो बघतच राहिला. सहा वर्षं, एक दिवस खाडा नाही, सकाळचा अंदाज आणि संध्याकाळचा निकाल. ताई, अशा अखंड नोंदी आमच्या खात्यातही नाहीत, म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं कौतुक केलं, आणि ते माझ्या खोटेपणाचं.

त्याच दुपारी जेवताना मी सांगून टाकलं.

“त्या नोंदी खोट्या आहेत. दक्षिणेची लांब लाट आली की तिसरा हिस्सा चुकतो. फळ्यावर मी वेगळा आकडा लिहीत होते.”

भाऊ मूर्ख नाही. त्याने घास खाली ठेवला आणि नीट विचारलं. फळ्यावरचे आकडे कुठे लिहून ठेवलेस? कुठेच नाही, पुसले. फोटो? फळ्याचा फोटो कोण काढतो? मी त्याला खोल वाटेचं सांगितलं, तू एवढा शिकलेला आहेस, तुला कळायला पाहिजे, असंही म्हणाले. तो म्हणाला, पुस्तकात बघितलं तर तू म्हणतेस तसं होऊ शकतं. पण सहा वर्षांच्या नोंदी सांगतात की इथे तसं होत नाही. आणि नोंदी तुझ्याच हातच्या आहेत.

मग तो बाबांकडे वळला. तुम्हाला काय वाटतं?

बाबा ताटाकडे बघत होते. त्यांना बोलायला वेळ लागतो, म्हणून आम्ही थांबलो.

“ती दमते अलीकडे,” ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी ताट उचललं आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत गेले. लेखी द्या म्हणाले, लेखी दिलं. तिथल्या इंजिनिअरने वही आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवले. सही एकच आहे, म्हणाला. खोटं कशाला लिहिलंत? बाबा रडले म्हणून, हे अर्जात कसं लिहायचं? मी खांबावरच्या खुणा दाखवते म्हणाले, तर तो शहाणा खरंच माझ्याबरोबर खाली आला. समुद्र ताटासारखा सपाट होता. पुढे पाच महिने तसाच राहिला. त्या पाच महिन्यांत पडद्यावरचा आकडा रोज खरा ठरला आणि भाऊ अधूनमधून मला मेसेज पाठवायचा: बघ.

मी बघतच होते. मला एकच गोष्ट हवी होती: पहिली लांब लाट येण्याआधी कुणीतरी माझं खरं मानावं. कुणीच नाही तर निदान पडदा पिवळा तरी करावा.

ती लाट एका मंगळवारी आली. सकाळी सहाला बोया म्हणाला: दोन मीटर, सोळा सेकंद, दक्षिण. मी चपला न घालता खाली धावले. पडद्यावर हिरव्या चौकटीत लिहिलं होतं: ‘लाट ०.७ मीटर. शांत. शिकणाऱ्यांसाठी उत्तम दिवस.’

आणि समुद्र शांतच दिसत होता. लांब लाटेचं हेच असतं. पंधरा मिनिटं तळ्यासारखं पाणी, मग एकामागोमाग चार-पाच लाटा, मग पुन्हा तळं. सकाळची पोहणारी मंडळी टॉवेल दगडांखाली दाबून पाण्यात उतरत होती. सर्फिंग शिकवणारा सहा जणांना घेऊन निघाला होता. मी ओरडले, हात हलवले. त्याने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि सहाही जणांना मागे फिरवलं. तो एकटाच.

टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या बाई गुडघाभर पाण्यात होत्या. मी आत शिरून त्यांचा हात धरला.

“अगं, हिरवं आहे,” त्या म्हणाल्या. “बाबांचाच आकडा आहे ना?”

तो चुकलाय, मी म्हणाले. त्यांनी माझा हात थोपटला. सकाळी सकाळी भांडण झालेलं दिसतंय बापलेकीचं, म्हणाल्या आणि हसत पुढे गेल्या. त्यांचं चुकलं नाही. सहा वर्षं बाबांचा शब्द कधी खाली पडला नव्हता. मीच पडू दिला नव्हता.

मग त्या लाटा आल्या. चार. खांबावरची वरची खूण तिसऱ्या लाटेत बुडाली. चौथी परतली तेव्हा सगळं पाणी त्या खोल वाटेकडे ओढत निघालं, माणसांसकट. शिकवणाऱ्याने सर्फिंगच्या फळीवरून दोघांना बाहेर काढलं. मी छातीपर्यंत आत गेले आणि तिथून पुढे मला जाता आलं नाही. बाई दुपारी बंदरात सापडल्या, दोन बोटींच्या मध्ये.

घरी आले तेव्हा अंगावरचे कपडे अंगावरच वाळले होते. जिना चढताना माझं ठरलं होतं. अक्षर माझं, सही माझी, खोटं माझं. म्हाताऱ्याला काही माहीत नव्हतं, असंच सांगायचं.

बाबा खुर्चीत होते. मी म्हणाले, टपाल कचेरीतल्या बाई गेल्या. त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, आत किती होती?

“पावणेदोन.”

“सोळा सेकंदांना एवढीच येते,” ते म्हणाले.

मी पलंगाच्या कडेवर बसले. विचारलं, तुम्हाला हे कधीपासून ठाऊक आहे? पहिल्या वर्षापासून, म्हणाले. दाढी करायला येणारा न्हावी सकाळी पोहून यायचा आणि फळा वाचून दाखवल्यासारखा सांगायचा. ते वहीतल्या आकड्याशी ताडून बघायचे. फरक कधी पडतो, किती पडतो, सगळं त्यांनी बसल्या जागी मांडलं होतं.

“तुझे आकडे बरोबर होते,” ते म्हणाले. “एकदाही चुकली नाहीस.”

सहा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. आज ते मिळालं, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

“मग तो विचारत होता तेव्हा का बोलला नाहीत?”

“तो माझा नियम न्यायला आला होता,” बाबा म्हणाले. “आजवर त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.”

मी बोलले असते तर फार वाईट बोलले असते. त्यांनी डावा हात पुढे केला, तो मी धरला नाही. ते म्हणाले, उद्या चौकशीला येतील. सांग, बाबांना काही कल्पना नव्हती. माझं नाव तेवढं राहू दे. तुझं कुठे नाव आहे, तुला काय फरक पडतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन अधिकारी आले. भाऊ पहिल्या गाडीने आला होता, तोही बसला. मी सगळं सांगितलं. नोंदी मी खोट्या लिहिल्या, सहा वर्षं, रोज, सही माझी. त्यातला एक अधिकारी सावकाश लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने कागद उलटला आणि रीत म्हणून विचारलं, वडिलांना याची कल्पना होती का?

बाबा माझ्याकडे बघत होते. भाऊ खाली बघत होता. काल त्यांनी मागितलं नसतं तर मी नाही म्हणाले असते, आणि जन्मभर तेच खरं मानलं असतं.

“होती,” मी म्हणाले. “पहिल्या वर्षापासून.”

अधिकाऱ्याने तेही लिहून घेतलं.