प्रश्न चौथा, पर्याय ब

मी साठ मुलांसमोर मामांना चोर ठरवलं, आणि ते चोर नव्हते.

असं काही झालेलं नाही, असं धरून चालू. झालं ते एवढंच, की मी गुरुवारी नेहमीसारखा क्लासला गेलो.

क्लास दुसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. तिथे मी परीक्षेला बसणाऱ्या मुलांना तर्क शिकवतो. तीन-चार वाक्यांचा उतारा द्यायचा आणि विचारायचं, यावरून खात्रीने काय म्हणता येईल? मुलं मला 'निष्कर्ष सर' म्हणतात. पाठीमागे आणखीही काही म्हणत असावीत, पण पुरावा नाही. माझा नियम एकच, आणि तो मी दर तासाला घसा फोडून सांगतो: "उताऱ्यात नाही ते उत्तरात नाही! 'असेल', 'वाटतं' आणि 'दिसतंयच की' हे तिघे ओल्या छत्रीसारखे वर्गाबाहेर ठेवून यायचे."

मामा आमच्या क्लासचे शिपाई. कुलूप, फळा, पाणी, आणि क्लास चालवणाऱ्या मॅडमच्या केबिनमधला पंखा अडला की त्याला दम देणं, सगळं त्यांच्याकडे.

त्या दिवशी मी तयारी न करता गेलो होतो. तीन प्रश्न सोडवून झाले, तासाची वीस मिनिटं उरली आणि माझ्याकडचं सगळं संपलं. मग महिनाभर डोक्यात घोळत असलेलं मी सरळ फळ्यावर उतरवलं.

'एका क्लासमधले मार्कर दर गुरुवारी नाहीसे होतात. कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे आहे. गुरुवारी घरी जाताना त्या माणसाची पिशवी फुगलेली असते.'

पर्याय ब: तो माणूस मार्कर चोरतो.

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मामा!" वर्ग खदखदून हसला.

इथे मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "नाव कोणी घेतलं? मी तर घेतलं नाही बुवा." आणि डोळा मिचकावून 'ब'वर ठसठशीत खूण केली. मार्कर झकास उमटत होता.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. हिला मी कधीच आवडलो नाही. याला मात्र पुरावा आहे.

"सर, सोमवारी डब्यात मार्कर असतात का?"

"असतात. भरलेला असतो डबा."

"मग ते वाक्य उताऱ्यात का नाही?"

मी शुक्रवारी क्लासला येत नाही. सोमवारी डबा भरलेला दिसला की मॅडमनी नवे आणले, असं धरून चालायचो. कुणाला विचारलं नव्हतं. थोडक्यात, वाटलं होतं.

"तो वेगळा मुद्दा आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मामा पाण्याचा जग घेऊन उभे होते. कधीपासून, ते उताऱ्यात नाही.

त्यांनी जग टेबलावर ठेवला, बाहेर जाऊन आपली पिशवी आणली आणि माझ्या हजेरीपुस्तकावर रिकामी केली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले अकरा मार्कर, एक चिमटा, शाईची बाटली. प्रत्येक मार्करला निळ्या दोऱ्याचे वेढे.

"वाळले की घरी नेतो," मामा म्हणाले. "टोक चिमट्याने ओढायचं, उलटं बसवायचं, मागून शाई सोडायची. रात्रभर आडवे ठेवले की झालं. शुक्रवारी परत. जितके वेढे, तितक्यांदा भरला." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "तो जपून वापरा हं सर. चौथ्यांदा भरलाय."

मी बघितलं. चार वेढे होते.

"मामा, अहो, ते नुसतं उदाहरण..."

"सहा वर्षं दारात उभा राहून ऐकतोय तुम्हाला. पिशवी फुगलेली आहे, एवढंच म्हणता येत होतं. बरोबर ना, सर?"

"बरोबर," मी म्हणालो. माझ्या वर्गात पूर्ण गुण मिळवणारा हा पहिला माणूस.

पुढच्या तासाला मी मुलांना वहीतलं त्या प्रश्नाचं पान फाडायला सांगितलं. कोणी फाडलं नाही. मागच्या बाजूला भूमितीची सूत्रं होती म्हणे. सहा महिन्यांत शिकवलेलं ज्यांना काडीचं आठवत नाही, त्यांना प्रश्न चौथा तोंडपाठ आहे. मी मामांची माफी मागितली. दोनदा. "जाऊ द्या हो सर," ते दोन्ही वेळा म्हणाले आणि मार्कर भरत राहिले.

फक्त आता दर गुरुवारी घरी जाताना ते माझ्यासमोर थांबतात, पिशवीचं तोंड उघडून धरतात आणि म्हणतात, "बघून घ्या, सर." आवाजात टोमणा नसतो. असता तर बरं झालं असतं. मी पंख्याकडे बघतो. ते पिशवी उघडी धरून थांबतात, मी आत बघेपर्यंत.

म्हणून काल मी मॅडमच्या टेबलावर अर्ज ठेवला. त्याचा शेवट असा:

'तरी प्रश्न क्र. ४ सदोष असल्याने तो रद्द करून त्याचे पूर्ण गुण मामांना द्यावेत. उपस्थित साठ विद्यार्थी त्या दिवशी गैरहजर होते अशी नोंद घ्यावी. आणि यापुढे आठवड्यातून गुरुवार वगळून बुधवारनंतर थेट शुक्रवार सुरू करण्याबाबत संबंधितांना आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.'