कौसल्याबाईंनी निवडलेली हिरवी मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही. माझा रंग गर्द हिरवा, नाक लांबट, दारे चार आणि आत तपकिरी चामड्याच्या गाद्या. दिसायला मी घरंदाज, पण माझे इंजिन शर्यतीच्या गाडीचे. घरच्या माणसांना आरामात बसवून भरधाव पळता यावे, म्हणून विलायतेतल्या कारागिरांनी मला मुद्दाम तसे घडवले. १९४९ साली मी बोटीतून मुंबईला आले. बंदरावरच्या यारीने मला अलगद उचलून धक्क्यावर ठेवले तेव्हा पाहायला जमलेले हमाल म्हणाले, "काय गाडी आहे!" ते शब्द मी अजून विसरलेली नाही.

माझा पहिला मालक परळच्या एका गिरणीतला इंग्रज इंजिनिअर होता. आठवडाभर तो मला शहाण्यासारखा चालवी आणि रविवारी जुहूच्या विमानतळावर शर्यतीत उतरवी. दोनदा मी पहिली आले. साहेबाने बक्षिसाचा कप माझ्या टपावर ठेवून फोटो काढून घेतला. तिसऱ्या वर्षी मात्र वळणावर खूण म्हणून ठेवलेल्या पिंपाला माझे पुढचे डावे चाक धडकले. साहेबाने चेपलेला पत्रा ठोकून घेतला. आत चाकाच्या आसाला काय झाले, ते कोणी पाहिले नाही. मलाही नीटसे कळले नाही. डावीकडे वळताना थोडे ठणकायचे, इतकेच.

पुढे साहेब मायदेशी गेला. दुसऱ्या मालकाने मला मिरवले आणि विकले. तिसऱ्याने दादरच्या एका बोळात ताडपत्रीखाली उभे केले आणि तो मला विसरूनच गेला. चाकांतली हवा गेली. मागच्या गादीवर एका मांजरीने पिले घातली. त्या दिवसांत तीच काय ती माझी सोबत.

१९५७ साल उजाडले. निवडणुका जवळ आल्या होत्या. गिरगावापासून लालबागपर्यंत भिंती संयुक्त महाराष्ट्र समितीच्या घोषणांनी रंगल्या होत्या. त्याच सुमारास राजारामशेठ नावाच्या व्यापाऱ्याने मला विकत घेतले आणि ऑपेरा हाऊसच्या मागे असलेल्या आपल्या आवारात आणले. जुन्या मोटारी नीटनेटक्या करून विकणे हा त्याचा धंदा. त्याच्याकडे धोंडूमिस्त्री कामाला होते. वय चाळिशीचे, अंग किडकिडीत, राहायला लालबागच्या चाळीत. ते फार बोलत नसत, पण त्यांचा हात लागला की मला बरे वाटे.

त्यांनी माझे चाक काढले, आस रॉकेलने धुतला, कोरडा पुसला आणि वर खडू फासला. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर केसासारखी ओली रेघ उमटली. आत चीर होती. तिच्यात मुरलेले रॉकेल बाहेर येऊन बोलत होते.

धोंडूमिस्त्रींनी शेठला बोलावून रेघ दाखवली. "आस बदलायला लागंल, शेठ. आणि गिअरपेटीचे दातेही झिजलेत."

"बदलायचा काय? रंग मार वरून," शेठ म्हणाला. "आणि पेटीत भुसा टाक. चार महिने आवाज येणार नाही."

धोंडूमिस्त्री बराच वेळ हातातल्या फडक्याशी चाळा करत उभे राहिले. मग त्यांनी सांगितले तसे केले. घट्ट तेलात कालवलेला लाकडाचा भुसा माझ्या पेटीत गेला आणि चिरेवर काळा रंग बसला. मित्रांनो, मला वरून इतके चकचकीत कधीच कोणी केले नव्हते, आणि इतके ओशाळवाणे मला कधी वाटलेही नव्हते.

आठवड्याने कौसल्याबाई पाटणकर मला पाहायला आल्या. त्यांचे यजमान शरच्चंद्र पाटणकर हे गिरगावातले डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी नव्या फियाटसाठी दीड वर्षापूर्वी नाव नोंदवले होते आणि नंबर कधीही लागणार होता. पण बाजारात जाता-येता बाईंच्या नजरेला मी पडले होते. पंचेचाळीस वर्षांच्या, चापूनचोपून लुगडे नेसलेल्या त्या बाईंनी चपला काढून ठेवल्या आणि सरळ चालकाच्या जागेवर बसल्या. शेजारी धोंडूमिस्त्री, मागे डॉक्टर. आवारातली माणसे हातातले काम टाकून बघू लागली.

चौपाटीवरून आम्ही वाळकेश्वरच्या चढाला लागलो. बाईंचा हात हलका होता. त्यांनी गिअर बदलला, कान दिला, पुन्हा बदलला. मग मला रस्त्याच्या कडेला घेतले.

"मिस्त्री, आठ वर्षांची पेटी आणि एवढी गप्प?"



मागून डॉक्टर म्हणाले, "अगं, आवाज नाही म्हणजे चांगलंच ना?"

"माझ्या वडिलांची, आबांची, रत्नागिरीला उतारूंची सर्व्हिस मोटार होती. जुनी पेटी थोडी गुणगुणतेच हो. अगदीच गप्प असली की आबा म्हणायचे, हिच्या तोंडात कुणीतरी बोळा कोंबलाय." बाई धोंडूमिस्त्रींकडे वळल्या. "खरं सांगा. काय घातलंय?"

"भुसा," धोंडूमिस्त्री म्हणाले. "मीच घातलाय, बाई. आणि तेवढंच नाही. उतरा खाली, दाखवतो."

रस्त्यावर आडवे होऊन त्यांनी माझ्या आसावरचा रंग खरवडला. डॉक्टरांनी धोतर सावरत, वाकून, चष्मा पुढे-मागे करत ती चीर पाहिली.

"एखाद दिवशी चाक निखळंल," धोंडूमिस्त्री म्हणाले. "सपाटीवर एक वेळ वाचाल. घाटात गेलात तर नाही."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. उन्हाळ्यात त्यांना सगळ्यांना घेऊन आंबा घाटाने बाईंच्या माहेरी जायचे होते.

"हे तुमच्या शेठला कळलं तर?" त्यांनी विचारले.

"कळणारच. मीच सांगणार."

"मग सांगितलंत कशाला?"

धोंडूमिस्त्रींनी हात पुसले. "डिसेंबरात बाबासाहेबांना शेवटचं बघायला दादरच्या चौपाटीवर गेलो होतो, साहेब. तिथंच एवढ्या माणसांत उभं राहून दीक्षा घेतली. खोटं बोलणार नाही, असं या तोंडानं म्हटलं. रंग मारला तेव्हा मनाला समजावलं, हे काय बोलणं नव्हे, नुसता रंग आहे. पण बाईंनी तोंडावर विचारलं. आता काय करू?"

आम्ही हळूहळू, वळणे सांभाळत परत आलो. शेठने सगळे ऐकून घेतले आणि धोंडूमिस्त्रींना म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आणि ही कुर्ल्याला भंगारात." धोंडूमिस्त्रींनी आपले पाने फडक्यात बांधले. जाताना माझ्या दारावर एकदा तळवा टेकवला.

चार दिवस मी कोपऱ्यात उभी होते. घण आणि छिन्नी यांच्याबद्दल आवारातल्या इतर गाड्यांकडून मी बरेच ऐकले होते. भीती वाटत नव्हती असे म्हटले, तर आता मीच खोटे बोलेन.

पाचव्या दिवशी पाटणकर नवराबायको पुन्हा आली. डॉक्टरांच्या हातात पत्र होते. फियाटचा नंबर लागला होता. दोघे माझ्या दाराशीच बोलत उभे राहिले.

"नवी कोरी गाडी दारात येतेय, कौसल्या. आणि तू भंगारात निघालेली मागतेस?"

"नवी चांगलीच आहे. वाईट कुठं म्हणतेय मी? पण तिच्यात मी नुसती बसेन. हिला मी चालवीन."

"नवीही चालव की!"

"चालवीन हो. पण आबांची गाडी सरकारने एसटीत घेतली, त्या दिवसापासून एखाद्या इंजिनाला हात लावावा असं वाटलंच नव्हतं. हिला बघून वाटलं."

"तुला गाडी येते हे मला माहीत होतं," डॉक्टर म्हणाले. "इतकी आवडते हे माहीत नव्हतं."

"बावीस वर्षांत तुम्ही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही."

"पण हिच्यात दोष आहेत, अगं!"

"आहेत, आणि ते कुठं आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. तुम्हीच पेशंटांना सांगता ना, दुखणं कळलं की घाबरायचं कारण नाही?"

"त्याला इलाज करणारा लागतो."

"तो घरी बसलाय. आपल्यापायी."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग ते पत्र घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "मिस्त्री म्हणतील तेव्हाच मी हिच्यात पाय ठेवीन. आधी नाही."

मित्रांनो, त्या क्षणी माझे इंजिन बंद होते म्हणून बरे. नाहीतर मी आपोआप सुरू झाले असते!

शेठने मला भंगाराच्याच भावात त्यांना देऊन टाकले. तशा आसावर मला चालवणे धोक्याचे होते. म्हणून माझे नाक एका बैलगाडीवर चढवून बांधले आणि मागची चाके रस्त्यावर ठेवून माझी वरात परळकडे निघाली. जुहूला पहिली आलेली मी, दोन बैलांच्या मागून चालले होते. भायखळ्याला ट्रामचा चालक हसला. लालबागला पोरांनी माझ्या पाठीवर खडूने 'मुंबई महाराष्ट्राची' लिहिले. मागून टॅक्सीने येणाऱ्या बाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "असू दे, पुसू नका."

परळला धोंडूमिस्त्रींच्या ओळखीच्या माणसाची रिकामी पत्र्याची शेड होती. तिथे तीन आठवडे माझा इलाज चालला. माझ्याच जातीची एक मोडलेली गाडी कुर्ल्याला सापडली. तिचा आस धड होता. तो आणून धोंडूमिस्त्रींनी धुतला आणि तीन वेळा खडू फासून पाहिला. एकदाही रेघ उमटली नाही. पेटी उघडून त्यांनी भुशाचा कण न् कण धुऊन काढला आणि झिजलेले दाते बदलले. कौसल्याबाई दुपारी यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि मिस्त्री मागतील तो पाना हातात द्यायच्या.

धोंडूमिस्त्रींची बायको मालन गिरणीत कामाला होती. पहिल्या दिवशी पाळी सुटल्यावर ती आली, बाईंना बघून घुटमळली आणि कपबशी हातातच धरून म्हणाली, "च्या केलाय. बाई घेतील का, ठावं नाही."

"घेईन की," बाई म्हणाल्या. "उद्या साखर जरा कमी घाला. आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय."

त्या 'उद्या' शब्दावर मालन हसली. पुढे रोज दोन कप येऊ लागले.

शेवटी तो रविवार आला. सकाळी डॉक्टर कोट घालून शेडशी आले आणि माझ्यापासून दोन हात दूर उभे राहिले.

"काय मिस्त्री? बसू?"

धोंडूमिस्त्रींनी मालनला हाक मारली. ती पांढरे स्वच्छ लुगडे नेसून आली. त्यांनी माझे मागचे दार उघडून तिला बसवले आणि मग म्हणाले, "आता बसा, साहेब."

डॉक्टर बसले.

बाईंनी मला दादरवरून शीवपर्यंत सांभाळून नेले. शीवच्या पुढे ठाण्याकडे जाणारा रस्ता तेव्हा सरळ आणि मोकळा होता, दोन्ही बाजूंना खाजणाची जमीन. बाईंनी एकदा धोंडूमिस्त्रींकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. मी निघाले! तीस, चाळीस, पन्नास मैल. डावीकडे एक लांब वळण आले. जिथे इतकी वर्षे ठणकत होते, तिथे काहीच दुखले नाही. माझी पेटी आपल्या खऱ्या आवाजात गुणगुणत होती. मालनने पुढची गादी घट्ट धरली होती आणि ती खुदकन हसत होती.

मागून डॉक्टरांचा आवाज आला. "कौसल्या!"

"काय हो? हळू करू?"

"नाही. अजून थोडी जाईल का?"

गेली, मित्रांनो. साठ मैलांपर्यंत गेली.

त्या उन्हाळ्यात आम्ही आंबा घाट चढलो आणि सुखरूप उतरलो. नवी फियाट नोंदणीतल्या पुढच्या माणसाला मिळाली. त्यालाही ती लाभली असेल. धोंडूमिस्त्रींनी परळची ती शेड भाड्याने घेतली. डॉक्टरांनी आपल्या पेशंटांना तिचा पत्ता सांगितला. आता जुनी मोटार घेण्याआधी लोक ती त्यांना दाखवायला आणतात. ते खडू फासतात, रेघ पाहतात आणि 'घ्या' किंवा 'नको' एवढेच म्हणतात. गेल्या महिन्यात तर खुद्द राजारामशेठ एक गाडी घेऊन आला होता. धोंडूमिस्त्रींनी तिलाही खडू फासला आणि जे होते ते सांगितले.

यंदा एक मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले. बाईंनी मला झेंडूच्या माळा घातल्या आणि दोन्ही कुटुंबांना घेऊन शिवाजी पार्कापर्यंत फिरवले. गर्दीमुळे आम्ही पायी चालणाऱ्या माणसांपेक्षाही हळू जात होतो. पण त्या दिवशी मला पळायची घाई नव्हती.

मी आता अकरा वर्षांची आहे. मोटारीच्या हिशेबाने म्हातारीच. रंग दोन ठिकाणी उडाला आहे आणि तो तसाच ठेवा, असे मी मनातल्या मनात म्हणते. दर पंधरवड्याला धोंडूमिस्त्री माझे तेल बघतात. बाई रोज सकाळी माझ्या काचा पुसतात. याहून अधिक मला काही नको.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी शिलाई मशीन, सायकल किंवा घड्याळ असेल. नवे आणण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसा. त्याला वेळच्या वेळी तेल द्या, धूळ पुसा. आणि ते कधी कुरकुरू लागले, तर आवाज बंद करण्याआधी ते काय सांगते आहे, तेवढे ऐकून घ्या.