घड्याळजींची स्मृती कोणी खाल्ली?

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. विसरभोळे म्हातारे पुढे खुर्च्यांवर, त्यांचे नातलग मागे उभे, आणि मंचावर पांढऱ्या झग्यातले स्मृतिदाते महाराज. त्यांनी पूर्वी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या टाळूवर तळवा ठेवला आणि ते गरजले, "ये! जिथं गेली असशील तिथून परत ये!"

मग एक नादुरुस्त मनगटी घड्याळ आणि चिमटा म्हाताऱ्याच्या हातात दिला. पोटच्या मुलीला 'ओ बाई' म्हणणाऱ्या, चपला फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या त्या माणसानं झाकण उघडलं आणि निसटलेला काटा चिमट्यानं जागेवर बसवला. लोक रडायलाच लागले.

मी दवाखान्यात नर्स आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्यांची दर मंगळवारी बैठक घेते. घड्याळजींची मुलगी तिथं यायची. सहा वर्षं ती एकटी वडिलांचं हगणं-मुतणं काढत होती. थोरला भाऊ फोनवर विचारपूस करायचा, तीही आठवण झाली तर. त्या दिवशी ती माझ्या शेजारीच उभी होती.

महाराज पुढे म्हणाले, "स्मृती हरवत नसते, लेकरांनो. ती खाल्ली जाते! ज्या हातचं हा जेवतो, तोच हात हिची स्मृती... याची स्मृती खातो!" जीभ घसरली, पण बोट बरोबर मुलीवर रोखलेलं होतं.

"दादा, अरे मी..."

"गप्प बस," थोरला म्हणाला. "तरीच म्हटलं, बाबा तुझ्याकडेच इतके कसे बिघडले!"

त्याच दिवशी त्यानं वडिलांना आपल्या घरी नेलं. सोबत महाराजांच्या शांतीच्या पुड्या. बहिणीला दारात उभं करायचं नाही, असा हुकूम.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. "सिस्टर, बाबा अंघोळीला घाबरतात. पाणी आधी पायांवर घालावं लागतं. तेवढं सांगाल का दादाच्या घरी?"

मी गेले. थोरल्याच्या बायकोनं हसतच दार उघडलं. "बघा, किती शांत झालेत! पुडी दिली की दिवसभर हूं नाही की चूं नाही."

मी चादर उचलली. पडून पडून पाठीवर तळहाताएवढी जखम चिघळली होती. आजच दवाखान्यात हलवा म्हटलं, तर थोरल्यानं मलाच बाहेर काढलं. निघताना एक पुडी मी उचललीच. डॉक्टरांनी ती तपासून घेतली. झोपेच्या गोळ्यांची भुकटी होती ती.

दोनच दिवसांनी पुन्हा सभा भरली. थोरल्यानं वडिलांना महाराजांच्या उपायाचा पुरावा म्हणून चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. मंचावर डोळे उघडे हवेत, म्हणून आदल्या दिवसापासून पुडी बंद. मी सरळ वर चढले.

"महाराज, आज तळवा नको. नुसतं घड्याळ द्या."

"श्रद्धेची परीक्षा घेतेस, बाई?"

तोवर मी मनगटावरचं घड्याळ काढून घड्याळजींच्या मांडीवर ठेवलंही होतं. त्यांनी ते कानाला लावलं आणि नखानं झाकण उघडलं.

"पन्नास वर्षांचं काम हातांत उरतं," मी लोकांना म्हणाले. "नव्या आठवणी आधी जातात. घड्याळजी, हे पांढऱ्या झग्यातले कोण?"

त्यांनी महाराजांना नीट न्याहाळलं. "गिऱ्हाईक असेल."

हशा पिकला.

"आणि घड्याळ द्यायचं हे महाराजांना कसं सुचलं? दारावर तुम्ही सगळ्यांनी एक फॉर्म भरलात. पूर्वीचा व्यवसाय, आवडतं गाणं, लहानपणीचं नाव. घड्याळजींचा फॉर्म त्यांच्या मुलीनंच भरला होता. आता ही तुमची पुडी. झोपेच्या गोळ्या आहेत हिच्यात. नसतील तर घ्या, खाऊन दाखवा."

महाराजांना एकाएकी मौनव्रत आठवलं. लोक मंचाकडे धावले. पण एक बाई माझा दंड धरून म्हणाली, "तुमचं काय जात होतं हो? महिनाभर तरी आशा होती."

घड्याळजींना तिथूनच दवाखान्यात नेलं. जखमेचं विष अंगात भिनलं होतं. नवव्या दिवशी ते गेले. मुलगी उशाशी होती. तिला ते शेवटपर्यंत 'ओ बाई' म्हणाले.

"आम्हाला काय माहीत गं?" थोरला रडत होता.

"मला माहीत होतं, दादा," ती म्हणाली. "त्यांना कसं सांभाळायचं, हे सहा वर्षांत तू एकदाही मला विचारलं नाहीस."

स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. तो कोणी करत नाही आणि कोणाच्या तळव्यानं जात नाही. तुमच्या घरात असं माणूस सांभाळणारी कोणी असेल, तर तिच्यावर बोट रोखू नका. डॉक्टरांना विचारा, तिलाही विचारा. आठवड्यातली एक दुपार तिच्या जागी तुम्ही बसा.