फाटकावरची हजेरी

"काका, आज तरी लागेल ना माझी हजेरी?"

टपालबाई फाटकाच्या गजांतून वही आत सरकवत होती. चौथीतली ही पोर रोज सकाळी पत्र टाकावं तशी वही देते, म्हणून हे नाव मीच पाडलं. मी या शाळेचा कारकून, एकवीस वर्षं झाली. तीन आठवड्यांपूर्वी जिन्याजवळच्या खांबाला तडा गेला आणि एका दिवसात शाळा बंद झाली. अभ्यास आता घरून, मोबाइलवर. माझं टेबल आलं पहारेकऱ्याच्या खोलीत, फाटकाला लागून.

"बघतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

नवी हजेरी अशी: नऊ ते दहा या वेळात पालकांच्या फोनवर प्रश्न येतो, त्यावर अंगठ्याचं चिन्ह दाबलं की मूल हजर. एक चिरंजीव मावशीच्या गावी हुंदडतायत, त्यांचे वडील गाडीतून अंगठा देतात, आणि ते शंभर टक्के हजर! टपालबाईच्या घरी फोन एकच, वडिलांचा. ते सहाला कारखान्यात जातात आणि तिथे फोन दारावरच जमा करावा लागतो. संध्याकाळी परत मिळतो तोवर प्रश्नाची वेळ संपलेली. म्हणून ही चालत शाळेत येते. छपाईचं यंत्र बंद इमारतीत अडकलंय, तेव्हा मी अभ्यास हाताने कागदावर उतरवून देतो आणि ती दुसऱ्या दिवशी सगळा सोडवून आणते. शाळेत येणारं मूल हे एकच, आणि नोंदीत चौदा दिवस गैरहजर. डोकं फिरणार नाही तर काय होईल?

सलग पंधरा दिवस झाले की वार्षिक परीक्षेला बसता येत नाही. आज पंधरावा. घड्याळात नऊ चाळीस.

मी मुख्याध्यापिकांना फोन लावला. "मोठ्या बाई, पोरगी माझ्यासमोर उभी आहे. हजर लावू का?"

"भाऊसाहेब, मला कळत नाही का? पण त्यात 'शाळेत आली' असा रकानाच नाही. शाळा बंद आहे ना!"

"मग वरच्यांना सांगा की रकाना करायला."

"तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. मी तरी कुठे डोकं आपटू?"

त्यांचाही आवाज रडवेला झाला होता. भांडायचं तरी कुणाशी?

एकवीस वर्षांत मी एक खोटी नोंद केली नव्हती. आज केली. संगणकावर टपालबाईची माहिती उघडली, वडिलांचा नंबर खोडला आणि माझा घातला. मुलीशी नातं काय, असं विचारलं होतं. 'मामा' लिहिलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर उमटलं: बदल तीन दिवसांनी लागू होईल.

मी टेबलावर मूठ आपटली. पहारेकरी दचकून बाहेर गेला. नऊ अठ्ठावन्न. मग दहा.

"लागली का, काका?"

खोटं बोलवेना, खरं सांगवेना. खणात जुना कागदी हजेरीपट होता, हल्ली त्याला कुणी विचारत नाही. तो काढून मी फाटकाशी गेलो.

"थांब, घेतो हजेरी. एक!"

मी थांबलो. टपालबाईने दप्तर खाली ठेवलं आणि हात सरळ केले.

"दोन. तीन."

अठरापर्यंत कुणीच ओ दिली नाही.

"एकोणीस."

"हजर!" ती इतक्या जोरात ओरडली की रस्त्यापलीकडची बाई वळून बघू लागली. मी शाईने खूण केली, ठळक.

मला वाटलं, आता ती जाईल. पण हजेरी पुरी होईपर्यंत जागचं हलायचं नाही, ही वर्गाची शिस्त तिला पाठ होती. मग मी विसापासून एक्केचाळीसपर्यंत सगळे नंबर वाचले, आणि ती फाटकाबाहेर उन्हात ताठ उभी राहून ऐकत होती.