रिव्हिएराचं शेवटचं गिऱ्हाईक

माझ्या नवऱ्याची, व्हर्लिनची, जुनी रिव्हिएरा गाडी गेले तीन उन्हाळे ‘विकणे आहे’. पाटी हो, नुसती पाटी! विकायची होती कुणाला? आमच्या इंडियानात जुन्या गाड्यांचं वेड असलेली माणसं रविवारी चर्च सुटलं की खानावळीसमोरच्या मोकळ्या जागेत गाड्या लावतात, बॉनेट उघडतात आणि मागे घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. नुसती गाडी दिसली तर लोक बघून पुढे जातात. काचेवर पाटी दिसली की थांबतात, विचारतात, वा वा करतात. माझ्या नवऱ्याला ते वा वा हवं असायचं.

कुणी खरंच घ्यायला आलं, तर त्याची उलटतपासणी. ठेवणार कुठे? पावसात काढणार का? सीटवर बसून बर्गर खाणार का? एक पोरगा म्हणाला, मोठी चाकं लावीन. व्हर्लिनने त्याच्याकडे असं पाहिलं, की पोरगा न सांगताच निघून गेला. जो पास होईल त्याला मात्र किल्ली मिळायची आणि गावाबाहेर एक फेरी. गिऱ्हाईकाने गाडी चालवून बघायलाच हवी, हा त्याचा नियम.

आणि मी? त्या सीटा मी शिवल्यात, माझ्या हाताने. ही बया एका शेतावरच्या कोंबड्यांच्या खुराड्यात गंजत पडली होती, तिथून आमच्या गॅरेजमध्ये आली, तेव्हापासून नऊ वर्षं माझी साधी गाडी बाहेर बर्फात उभी. पण स्टिअरिंगला बोट लावू दिलं असेल तर शपथ! लग्नानंतरच्या वर्षी मी गाडीने शेजाऱ्याची रस्त्याकडेची टपालपेटी उडवली होती. एक टपालपेटी! तेव्हापासून एकच पालुपद, “मॅक्सीन, अ‍ॅक्सिलरेटरवर तुझा पाय फार जड पडतो.”

यंदा व्हर्लिनच्या गुडघ्याने दगा दिला. मुलीच्या गावात छोटा फ्लॅट घ्यायचं ठरलं, आणि तिथे गॅरेज नाही. मग पाटी खरी झाली. इंडियानापोलिसचा एक दातांचा डॉक्टर सगळ्या प्रश्नांत पास झाला. या रविवारी दुपारी तो गाडी न्यायला ट्रेलर घेऊन खानावळीपाशी यायचा होता.

सकाळी मी सरळ विचारलं, “व्हर्लिन, ती जायच्या आधी एकदा मला चालवू दे.”

“गिऱ्हाईक सोडून मी कुणाला देत नाही,” पॅनकेकवर पाक ओतत तो म्हणाला. “नियम म्हणजे नियम.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हटलं, बरं बाबा. नियम तर नियम.

चर्चनंतर तो रिव्हिएरा घेऊन पुढे गेला. मी घरी जाऊन ईस्टरला घालते ती ठेवणीतली टोपी घातली, लिपस्टिक लावली, पर्स अडकवली आणि माझ्या गाडीने खानावळीपाशी पोचले. सगळी मंडळी खुर्च्यांत पसरली होती.

“काय हो मिस्टर, ही गाडी विकायची आहे का?”

“मॅक्सीन, चाळे पुरे.”

“पाटी तुमचीच ना?”

शेजारच्या खुर्चीतला डेलबर्ट व्हर्लिनचा जिगरी दोस्त. पण मजा बघायची म्हटली की तो कुणाचाच नाही. “अरे, बाई गिऱ्हाईक म्हणून आल्यात. विचार की प्रश्न!” तो ओरडला. झालं, सगळे गोळा झाले.

व्हर्लिनचे कान लाल झाले. पण चारचौघांत माघार घेतो कसा? “ठेवणार कुठे?” त्याने विचारलं.

“गॅरेजमध्ये. आमच्याकडे गाडी आत आणि बायको बाहेर, अशी पद्धत आहे.”

“पावसात काढणार?”

“छे! पावसात मी फक्त नवऱ्याला बाहेर काढते.”

“सीटवर खाणंपिणं?”

“ज्या बाईने त्या सीटा शिवल्यात ना, ती फार खट आहे म्हणतात. माझी काय टाप!”

डेलबर्ट खुर्चीसकट मागे कलंडला. व्हर्लिनही मिशीत हसला. मग हसू आवरून म्हणाला, “गाडी हवी कशाला?”

हा प्रश्न तो कुणालाच विचारत नसे. माझं नाटक तिथेच संपलं.

“नऊ वर्षं मी तिचा आवाज स्वयंपाकघरातून ऐकलाय,” मी म्हटलं. “एकदा पायाखाली ऐकायचाय रे.”

व्हर्लिनने खिशातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

गावाबाहेर दोन्ही बाजूंना मका आणि मधून सरळसोट रस्ता. मी पाय दाबला. अगं आई! एवढं मोठं धूड, पण लोण्यातून सुरी जावी तसं निघालं. शेजारी बसलेल्या व्हर्लिनचा पाय नसलेला ब्रेक शोधत होता.

“हळू! अगं, हळू!”

“गिऱ्हाईकाशी असं बोलतात?”

मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही आलं. लाज कसली त्यात! मला इतका आनंद झाला होता, की सांगून पटायचं नाही. थोड्या वेळाने व्हर्लिनची ओरड थांबली. तो समोरच्या लांबलचक बॉनेटकडे बघत बसला.

“इथून वेगळीच दिसते गं,” तो म्हणाला. “मी या बाजूला कधी बसलोच नाही.”

परत येताना खानावळ दिसू लागली. ट्रेलरपाशी डॉक्टर घड्याळ बघत उभा होता. डेलबर्ट दोन्ही हात हलवत होता. मला उजवीकडे वळायचं होतं. मी वळले नाही.

“मॅक्सीन, वळण गेलं.”

“दिसलं मला.”

“डॉक्टर थांबलाय.”

“जन्मभर लोकांना बाकड्यावर ताटकळत ठेवलंय त्याने. आज तो थांबू दे.”

आता ओरडेल, म्हणून मी स्टिअरिंग घट्ट धरलं. व्हर्लिनने मागे वळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग काच खाली केली आणि कोपर बाहेर टाकलं.

“पेट्रोल किती आहे?”

“अर्धी टाकी.”

“अर्ध्या टाकीत ही बया कुठेच पोचत नाही,” तो म्हणाला. “पुढे डावीकडे पंप आहे. भरून घे.”