अंगठ्याखालचं नाव

दुपारची जेवणं उरकली होती. काकू पडद्यांना इस्त्री करत होती आणि एकेका पडद्याला दमात घेत होती.

"एक सुरकुती राहू दे, त्यांच्या मातोश्रींची नजर नेमकी तिथंच जाणार."

काकूच्या मुलीचं, म्हणजे धाकटीचं, लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलाकडची माणसं रविवारी शेवटचं बोलायला यायची होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ताई फोन घेऊन बसली होती. ताई म्हणजे काकूची पुतणी. धाकटीची ताई, आणि फोनमधल्या ग्रुपवरच्या हजारो बायकांचीही ताईच.

या ग्रुपची सुरुवात आईच्या जाण्यातून झाली होती. ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा आईच्या छातीत गाठ आली. कळलं तर 'रक्तातच आहे' म्हणतील, पोरीला कोण करून घेईल, म्हणून गप्प राहायचं घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं. सगळ्यांत आधी आईनेच. ताईला त्यातलं काही सांगितलं नव्हतं. लग्नाचे कपडे शिवून आले, तेव्हा आईला ते कपाटाच्या वरच्या खणात ठेवायला हात उचलता येईना. लग्नाआधीच ती गेली. बाहेर सांगितलं, हार्ट. हार्ट हा अब्रूदार आजार; त्याने कुणाच्या मुली अडून राहत नाहीत. ताईने मग लग्नालाच नकार दिला. काकांनी महिनाभर अबोला धरला आणि बाबा वर्तमानपत्राआड गेले ते गेलेच.

ताईने बायकांच्या दुखण्यांसाठी ऑनलाइन ग्रुप काढला, तोही स्वतःच्या नावाशिवाय. काकांची अटच होती तशी: "काय समाजसेवा करायची ती कर, घराचं नाव मध्ये आणू नकोस."

आधी कुणी लिहीतच नसे. शंभर बायका यायच्या, वाचायच्या, निघून जायच्या. मग ताईने नाव न सांगता लिहायची सोय केली आणि सगळ्यांत वर एक ओळ लावली: 'इथलं इथेच राहील.' बांध फुटल्यासारख्या बायका लिहायला लागल्या. एकीने मुलाच्या खात्यावरून विचारलं, तर फोटोत चेंडू हाणणारा खेळाडू आणि खाली प्रश्न, 'पाळी दोन महिने चुकली, काय करू?' त्यावर सगळा ग्रुप आठवडाभर हसला आणि त्या बाईलाही धीर आला. दुपारी एक निवृत्त डॉक्टरबाई उत्तरं द्यायच्या. चूर्ण-काढे विकणाऱ्यांना ताई बाहेरचा रस्ता दाखवायची. ग्रुप फोफावला. एका मासिकाने 'यशस्वी' म्हणून त्याच्यावर लेख छापला. डॉक्टरबाईंनी तो वाचून एवढंच विचारलं, "बोलायला लागल्या, चांगलं झालं. दवाखान्यात किती गेल्या गं?"

नाव न सांगणारीचं नाव ग्रुप चालवणाऱ्या ताईला मात्र पोस्टच्या वर बारीक अक्षरांत दिसायचं; घरात हे कुणाला माहीत नव्हतं. म्हणून तिने स्वतःला सवय लावून घेतली होती: आधी त्या जागेवर अंगठा, मग वाचन.

आजही अंगठा ठेवून तिने सकाळची पोस्ट उघडली.

'मुलीचं लग्न ठरतंय. छातीत उजवीकडे गाठ लागते. दुखत नाही, पण वरची कातडी आत ओढल्यासारखी झालीय. बाकी सर्व यथास्थित. लग्न होईपर्यंत थांबलं तर चालेल ना?'

'बाकी सर्व यथास्थित.' फोनवर, पत्रात, दुधवाल्याशी बोलतानासुद्धा हे तीन शब्द जोडणारं माणूस ताईला एकच माहीत होतं. तिने अंगठा उचलला. वर काकूचं नाव होतं.

समोर काकू इस्त्रीचा पडदा झटकत होती. डाव्या हाताने.

ताईने इतरांना देते तेच उत्तर टाकलं: 'थांबू नका. याच आठवड्यात दाखवा.' काकूच्या खिशातला फोन किणकिणला. तिने पाठ फिरवून वाचलं, काहीतरी टाइप केलं. ताईच्या हातात उत्तर आलं: 'लग्न झाल्याबरोबर नक्की.' पुढे जोडलेले दोन हात.

"काकू," ताई म्हणाली, "तू कधी तपासून घेतलंयस का गं? सगळंच. अशीच, सहज."

"मला काय धाड भरलीय? आधी हिचं पार पडू दे. आणि तू तुझ्या त्या बायकांचा दवाखाना या घरात उघडू नकोस बाई."

संध्याकाळी ताईने डॉक्टरबाईंना फोन लावला. "एक बाई आहे. मी तिला ओळखते."

"नाव सांगू नकोस."

"पण तिला घरात कुणी—"

"ताई, तुझा शब्द आहे म्हणून त्या लिहितात. एकीचं बाहेर फुटलं, तर उद्यापासून सगळ्या गप्प. आणि त्या बाईनेच 'मला काही झालेलं नाही' म्हटलं की तूही हरलीस. दुसऱ्याचं गुपित आपल्याला उघडता येत नाही गं."

आपणच घातलेल्या कुंपणात आपणच अडकलो, असं ताईला वाटलं. ज्या गुपिताने आई गेली, तेच आता ती हजारो बायकांसाठी राखत होती. रविवारपर्यंत ती घरात काकूच्या मागे मागे फिरत राहिली. उजव्या हाताने जड डबा काढायला निघालेली काकू मध्येच थांबायची, डावा हात पुढे करायची. ते बघायचं आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं.

रविवारी माणसं आली. मुलगा अबोल, पण चांगला वाटत होता. त्याची आई हसतमुख होती आणि खरंच तिची नजर पडद्यांवरून फिरली. चहा झाला. बोलणं सुरळीत चाललं होतं. मग तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"या तुमच्या वहिनी ना? काय झालं होतं हो त्यांना?"

"हार्ट," काका म्हणाले. "झोपेतच गेली. कळलंसुद्धा नाही."

दुसऱ्याचं गुपित उघडता येत नाही. हे दुसऱ्याचं नव्हतं.

"नाही," ताई म्हणाली. "माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर होता. माझं लग्न मोडू नये म्हणून तिने तो लपवला. वेळेवर दाखवलं असतं तर कदाचित जगली असती. झोपेत नाही गेली. खूप दुखत होतं तिला."

मुलगा आईकडे बघत राहिला. त्याच्या आईने कप बशीत ठेवला, तोही आवाज न करता. "असं आहे होय," ती म्हणाली. "कळवतो आम्ही."

दार लागल्यावर काका ताईकडे वळले. "स्वतःचं मोडलंस, आता हिचं! कुठला सूड उगवतेयस?"

"खरं तेच बोलली ती," बाबा म्हणाले. वर्तमानपत्र त्यांच्या मांडीवर होतं, घडी न उघडलेलं.

काकू मात्र ओरडली नाही. ती ताईच्या अगदी जवळ आली. "मी तुला लेकीसारखं वाढवलं गं. माझ्या पोरीने तुझं काय घोडं मारलं होतं?"

तुझ्यासाठी केलं, एवढे दोनच शब्द. ते ताईला म्हणता येत नव्हते. "चुकले असेन," ती म्हणाली आणि कप उचलायला लागली. धाकटी दारात उभी होती. ती ताईकडे बघत नव्हती. ती आपल्या आईच्या उजव्या हाताकडे बघत होती. रिकामा ट्रे उचलताना तो अर्ध्यावर थांबला होता.

दुसरा दिवस तोंडं फिरवण्यात गेला. मुलाकडून काही निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या फोनवर पोस्ट आली. तिने सवयीने अंगठा ठेवला.

'तपासणाऱ्या डॉक्टर बाईच असतात का? फार दुखतं का?'

काकू भिंतीपलीकडच्या खोलीत होती. ताईला उठून जाता आलं असतं. ती बसून राहिली, लिहिलं: 'बाईच असतात. फार दुखत नाही. एकट्या जाऊ नका. सोबत कुणी पाठवू का?'

पलीकडे फोन किणकिणला. मग कपाट उघडल्याचा आवाज, कुणीतरी नाक ओढल्याचा.

'नको. मुलगी येतेय.'

थोड्या वेळाने दोघी बाहेर आल्या. काकू ताईकडे न बघता चपला घालू लागली. धाकटीने वाकून तिचा पट्टा लावला. लग्न मोडलं होतं की नव्हतं, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. गाठ कितपत पसरली होती, तेही. जिन्यावरून पावलं खाली गेली.

ताईने ग्रुप उघडला. 'इथलं इथेच राहील' ही ओळ तिने पुसली नाही. तिच्याखाली, पहिल्यांदाच स्वतःच्या पूर्ण नावाने, लिहिलं: 'माझी आई हार्टने गेली नाही.' आणि मग पुढचं सगळं.

लिहून होईतो नवी पोस्ट येऊन थांबली होती. तिने वरच्या बारीक अक्षरांवर अंगठा ठेवला.

'मुलीचं लग्न ठरतंय,' कुणीतरी लिहिलं होतं. 'तोवर थांबलं तर चालेल का?'